अक्काचा आकडा

“एवढेच?” फोनवरच्या बाईंनी विचारलं, आणि फोटोग्राफरचं बोट दरपत्रकावर जिथे होतं तिथेच राहिलं. अठ्ठावीस वर्षांच्या धंद्यात किमतीवर माणसं काय काय बोलतात ते सगळं त्यानं ऐकून घेतलं होतं. बापरे ऐकलं होतं, फ्रेम काय सोन्याची आहे का हे ऐकलं होतं, आमच्या भाच्याकडेही चांगला मोबाइल आहे हे तर आठवड्यातून दोनदा ऐकायला मिळायचं. पण एवढेच असं कोणी म्हटल्याचं त्याला आठवेना. बाई खोचकपणे बोलल्या नव्हत्या. त्यांच्या आवाजात काळजी होती; जुन्या दुखण्यावर डॉक्टरनं साधी गोळी लिहून दिली की माणूस विचारतो तशी. “अकरा माणसं म्हणालात ना? मग पहिला गट,” त्यानं पुन्हा वाचून दाखवलं. “बारा माणसांपर्यंत एकच दर. अर्धा तास, पाच फोटो.” “हो, अकराच आहोत,” बाई म्हणाल्या. आणि थोडं थांबून, “तुमच्याकडे त्या अक्का असतात ना? माझी मैत्रीण म्हणाली, त्या आधी सगळं विचारून घेतात.” “त्या सुट्टीवर आहेत,” तो म्हणाला. “उद्या चार वाजता येतो मी.” फोन ठेवला. दरपत्रक सुरेख होतं. त्याच्या मुलीनं करून दिलेलं, गुळगुळीत कागदावर छापलेलं, चार गट, चार दर. कोणालाही वाचता यावं, कोणी काही विचारू नये असं. तरी सकाळभर तो ते “एवढेच” मनाशी घोळवत राहिला.

अक्का, त्याची मोठी बहीण, सुट्टीवर नव्हती. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कालच झालं होतं आणि डाव्या डोळ्याला आधीपासूनच धुकं दिसत होतं, म्हणजे आता दोन-चार दिवस तिला भिंत कुठे आणि दार कुठे एवढंच कळणार होतं. पण खरी गोष्ट ती नव्हती. खरी गोष्ट तीन आठवड्यांपूर्वी घडली होती. दरपत्रक काउंटरमागच्या भिंतीवर चिकटवून तो मोठ्या उत्साहात तिला म्हणाला होता, “आता तुझ्या डोक्याला ताप नको. ऑपरेशन झालं की आराम कर.” तो चांगल्या मनानं बोलला होता, निदान त्याची तशी समजूत होती. अक्कानं भिंतीकडे पाहिलं, म्हणजे पाहिल्यासारखं केलं, कारण एवढी बारीक अक्षरं तिला दिसणं शक्यच नव्हतं, आणि म्हणाली, “बरं.” अक्का कशालाही बरं म्हणत नसे. लहानपणापासून तिच्याकडून त्याला एक तर नाही ऐकायची सवय होती, नाही तर का. संध्याकाळी तिनं आपली वही पिशवीत घातली, चष्मा घातला आणि ती घरी गेली. आणि काल दवाखान्यात, तिच्या डोळ्यात बाहुली मोठी व्हायचे थेंब घातल्यावर दोघं बाकावर बसलेली असताना, डोळे मिटूनच तिनं सांगितलं, “समोरच्या स्टुडिओवाल्यानं विचारलंय. त्याच्याकडे बस म्हणतो, दर सांगायला. शनिवारी कळवते म्हटलंय त्याला.” “आणि?” त्यानं विचारलं. “आणि काय? शनिवारी कळवीन,” अक्का म्हणाली, तेवढ्यात नर्सनं तिला आत नेलं. शनिवार परवावर आला होता. समोरच्या स्टुडिओच्या काचेत त्याला स्वतःच्या दुकानाची पाटी उलटी दिसत होती आणि तिच्यापलीकडे समोरचा मालक एक खुर्ची पुसत होता. खुर्ची रोजच पुसत असेल. पण आज ती पाठीची, गादीची आहे एवढं फोटोग्राफरच्या डोळ्यांत भरलं.

अक्का त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर घरात बसून राहण्यापेक्षा म्हणून ती दुकानात येऊ लागली, आली ती फोनपाशीच बसली. कॅमेरा तिनं आयुष्यात हातात धरला नाही. पगार असा तिला नव्हता. घरच्या माणसाला कसला पगार, लागेल तसे ती गल्ल्यातून घेई आणि काय घेतलं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवी. पण मोठ्या कुटुंबांच्या फोटोचा दर मात्र तीच सांगायची, आणि ते सांगणं ऐकताना इतकी वर्षं त्याला कानकोंडं व्हायचं. सरळ आकडा कधी नाहीच. आधी चौकशी, तीही अशी की नवीन शेजारीणसुद्धा करणार नाही. सगळ्यांत म्हातारं कोण, त्यांना किती वेळ बसवतं? नेहमी उशिरा कोण येतं? जावई बोलका आहे का? कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे? हा शेवटचा प्रश्न ती भाजीचा भाव विचारावा इतक्या साध्या सुरात विचारी, आणि गंमत म्हणजे पलीकडची माणसं सांगत. ऐकता ऐकता ती वहीत ओळी आखे, ओळींवर लहान लहान गोल काढे, गोल खोडे, पुन्हा काढे. मग आकडा सांगे. आकडा सांगितला की गप्प. साठ माणसांच्या एका कुटुंबाला तिनं एकदा इतकी कमी किंमत सांगितली होती की तो काउंटरखालून तिला हातानं खुणा करत राहिला. आणि पुढच्याच आठवड्यात एका नऊ माणसांच्या कुटुंबाला तिप्पट. “अगं, माणसं मोजतेस की नाही?” तो वैतागून म्हणाला होता. “डोकी मोजून काय करायचंय,” अक्का म्हणाली होती. “मधल्या फटी मोजायच्या.” त्याला वाटलं, वय झालं. तेव्हा ती जेमतेम पन्नाशीची होती, आणि आज तो स्वतः त्या वयाच्या पुढे गेला होता.

दुसऱ्या दिवशी चारला पाच मिनिटं कमी असताना तो त्या घरी पोचला. साडेपाचला गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसरं काम घेतलेलं होतं. दरपत्रकामुळे दिवसाची अशी छान आखणी करता येत होती. दार उघडणारी बाई फोनवरचीच, घरातली मधली मुलगी. आईच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी सगळे जमले होते. खोली प्रशस्त, दोन उंच खिडक्या, गालिचा गुंडाळून भिंतीशी उभा केलेला. उजेड तर असा की फ्लॅश बॅगेतून काढायची गरज नव्हती. खोलीच्या मध्यभागी आई ताठ बसली होती. केस नीट विंचरलेले, मांडीवर हात, काठी खुर्चीला टेकवलेली. तिला कमी ऐकू येत होतं, त्यामुळे तिचं सगळं लक्ष डोळ्यांत गोळा झालं होतं. आणि तिच्या दोन बाजूंना बाकीची माणसं पाणी वाटून द्यावं तशी दोन ठिकाणी साचली होती. खिडकीपाशी मोठा मुलगा, वकील, त्याची बायको आणि दोन मुली. स्वयंपाकघराच्या दारापाशी धाकटा, बेकरीवाला, त्याची बायको आणि मुलगा. मधली, तिचा नवरा आणि एक हसतमुख मावशी या दोन बेटांमध्ये चहाचे कप घेऊन ये-जा करत होती. “सात वर्षं बोलत नाहीत एकमेकांशी,” मधलीनं ट्रायपॉड लावता लावता त्याला हळूच सांगितलं. “कारणसुद्धा आता कोणाला आठवत नाही.” म्हणजे सगळ्यांना ते नीट आठवत होतं. “आई म्हणाली, मला काही आणू नका, केक नको, माणसं नकोत. सगळ्यांचा मिळून एक फोटो द्या फक्त.”

फोटोग्राफरनं खिशात हात घातला, आणि खिशात काही नव्हतं. हे इतकं सहज झालं की हात आत गेल्यावरच त्याला कळलं तो काय शोधतोय. अशा प्रत्येक कामाला निघताना अक्का वहीतलं एक पान फाडून त्याच्या हातात द्यायची. ओळी, गोल, गोलांत खुणा: आजोबा, थोरली सून, उंच मुलगा. तो ते पान एकदा बघून खिशात टाकायचा आणि मग माणसं उभी करायचा, आणि लोक म्हणायचे, काय नजर आहे हो तुमची! त्यालाही ते पटायचं. इतकी वर्षं तो तिचं पान वाचत होता आणि स्वतःला कलावंत समजत होता. मग त्यानं कोणीही केलं असतं तेच केलं: भांडणारे दोघं दोन टोकांना. एका टोकाला वकील, दुसऱ्या टोकाला बेकरीवाला, मध्ये सगळं गोकुळ. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. बेकरीवाल्यानं आपली जागा पाहिली, एका बाजूला मेहुणा, दुसऱ्या बाजूला गुंडाळलेला गालिचा. “टोकाला का?” तो म्हणाला. फार शांतपणे म्हणाला. “या घरात मला कायम टोकालाच ठेवलंय.” आणि जिना उतरून खाली उभ्या असलेल्या आपल्या व्हॅनमध्ये जाऊन बसला. त्याची बायको खाली बघत राहिली. वकिलानं घड्याळ पाहिलं. “अर्धा तास ठरलाय ना? पंचवीस मिनिटं झाली.” आईनं सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, “झाला का काढून?” मधलीनं चहाचा ट्रे न वाटताच परत स्वयंपाकघरात नेला.

जिन्यात येऊन त्यानं अक्काला फोन लावला. अभिमान वगैरे गिळायला वेळच नव्हता. “बोल,” अक्का म्हणाली. “पट्टी आहे डोळ्यावर, फोन भाचीनं धरलाय.” त्यानं भरभर सांगितलं. तिनं मध्ये तोडलं नाही. मग विचारायला लागली, आणि तो उत्तरं देत गेला. आईची काठी खुर्चीच्या कोणत्या बाजूला? उजव्या. खुर्चीला पाठ आहे? आहे, लाकडी, रुंद. दोघांत उंच कोण? वकील, बोटभर. दोघांपैकी आईकडे कोण बघत नाहीये? या प्रश्नावर तो अडला, कारण ते त्यानं पाहिलंच नव्हतं, आणि आता डोळे मिटून आठवताना त्याला दिसलं. “दोघंही,” तो म्हणाला. “हं,” अक्का म्हणाली. तिच्या पट्टीमागे आता ओळी आखल्या जात असणार. “ऐक. टोकाला भांडणारा कधी ठेवायचा नाही. ज्याला कशाचंच काही वाटत नाही त्याला टोकाला ठेवायचं. मावशी एका टोकाला, जावई दुसऱ्या. भांडणाऱ्या दोघांना उभं राहा म्हणायचंच नाही. बाकीच्यांना उभं कर, एकेकाला, सावकाश, शेवटी खुर्चीमागच्या दोन जागा उरतील. मग तू नुसता थांब.” “शेजारी शेजारी? अगं, सात वर्षं...” “शेजारीच. माणसाला दुसऱ्याच्या इतकं जवळ उभं राहायचं आणि त्याच्याकडे बघायचं नाही, असं फोटोखेरीज दुसरीकडे कुठे जमतं रे धाकट्या? दोघांनाही कॅमेऱ्याकडेच बघायचंय. कोणीच हरत नाही. आणि धरायला काहीतरी दे, खुर्चीची पाठ. पहिला फोटो काढून फेकून दे, उजेड सरकला म्हण, दहा मिनिटं तिथेच ताटकळत ठेव. खांदे दमतात.” ती जरा थांबली. “आणि व्हॅनपाशी तू जाऊ नकोस. त्याच्या मुलाला पाठव, आजी काठी मागतेय म्हणून.”

वर जाताना त्याला घरचं जुनं अंथरूण आठवलं. पाच भावंडं, एक खोली, एक लांबच लांब गादी. रोज रात्री कोण कुठे झोपणार हे अक्का ठरवायची. लाथा मारणारा मधला भाऊ होता, त्याला सगळे म्हणत भिंतीकडे ढकल. अक्का त्याला बरोबर मध्ये घालायची, एका बाजूला कुंभकर्ण, दुसऱ्या बाजूला स्वतः. भिंतीकडे ती फोटोग्राफरला ठेवायची, कारण त्याला अंधाराची भीती वाटायची आणि भिंतीला हात लावला की झोप यायची. हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. त्याला आजवर वाटत होतं की ती जागा आपल्याला नशिबानं मिळाली. बारा-चौदा वर्षांची मुलगी, दिवसभर कामानं पिचलेली, रात्री पाच शरीरांचं गणित घालायची आणि मग दिवा मालवायची, आणि घरात कोणालाही ते काम आहे असं वाटलं नाही. त्याला एकदम तिचा अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाला चिकटूनच शरम आली.

साडेपाचच्या कामाला त्यानं जिन्यातूनच फोन करून दिवस पुढे ढकलला आणि चार शब्द ऐकून घेतले. मग दरपत्रक विसरून कामाला लागला. मावशीला टोकाला नेलं. ती म्हणाली, मला कुठेही ठेवा, मी जाडीच दिसणार. जावई दुसऱ्या टोकाला, गालिच्याला टेकून, आनंदात. मुलींना पुढे बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. बेकरीवाल्याचा मुलगा खाली गेला तो बराच वेळ आला नाही, आणि आला तेव्हा त्याच्यामागे त्याचा बाप होता. खुर्चीला टेकवलेली काठी त्यानं उचलून आईच्या उजव्या हातात दिली. ती आईला स्वतःलाही घेता आली असती, इतकी जवळ होती. आता खोलीत उभं राहायला दोनच जागा उरल्या होत्या. फोटोग्राफर कॅमेऱ्यामागे वाकला आणि थांबला. नुसतं थांबणं किती अवघड असतं हे त्याला त्या दिवशी कळलं. कोणीतरी खोकलं. वकील निघाला, खुर्चीमागे जाऊन उभा राहिला, जसा कोर्टात राहत असेल. आणि मग, दुसरी जागाच नसल्यामुळे, बेकरीवाला. “जरा खुर्ची धरता का दोघं? हलतेय,” फोटोग्राफर म्हणाला. खुर्ची हलत नव्हती. दोघांनी पाठीचं एकेक टोक धरलं. पहिला फोटो त्यानं काढून टाकला, उजेड सरकला म्हणाला, लेन्स पुसली, पुन्हा पुसली. सहा मिनिटं झाली, आठ झाली. खांदे खरोखरच उतरले, आधी वकिलाचे. बेकरीवाल्याचा हात लाकडावरून सरकला आणि आईच्या खांद्यावर आला, आणि तो हात आपल्या शर्टाला घासतोय हे वकिलाला कळलं तरी तो सरकला नाही. आईनं मान वळवली नाही. तिला पाठीमागे दोन्ही बाजूंनी ऊब लागली असावी, कारण तिचा इतका वेळ ताठ असलेला चेहरा सैल झाला, आणि तिनं हसू आवरायचाही प्रयत्न केला नाही. तेव्हा त्यानं बटण दाबलं.

दोघं भाऊ नंतर एकमेकांशी काही बोलले नाहीत. बेकरीवाला जाताना नुसतं मोघम “येतो” म्हणाला, आणि वकिलानं, कोणाकडेही न बघता, “सावकाश चालव,” म्हटलं. मधली ते ऐकून जिन्यापर्यंत त्याच्यामागे गेली आणि परत आली. तिनं पाकीट काढलं आणि किती द्यायचे ते विचारलं; साडेसहा वाजून गेले होते. “ठरलेले तेवढेच,” फोटोग्राफर म्हणाला, आणि पैसे घेताना त्याला तिच्याकडे बघवेना. वाटेत त्यानं मनात बरीच वाक्यं जुळवली. मी चुकलो. दरपत्रक काढून टाकतो. तुझ्याशिवाय. प्रत्येक वाक्य तोंडापाशी येऊन एखाद्या जाहिरातीसारखं वाटायला लागायचं, आणि तो ते सोडून द्यायचा. अक्काच्या घरी ती खिडकीपाशी बसली होती, एका डोळ्यावर पांढरी पट्टी, दुसरा मिटलेला. पायरीवरच्या पावलांवरून तिनं ओळखलं. “धरली का खुर्ची?” “धरली,” तो म्हणाला आणि तिच्यासमोर स्टुलावर बसला. त्यानं सगळं सांगितलं, हात सरकला ते, आई हसली ते. तिनं ते ऐकताना स्वतःचाही चेहरा सैल सोडला. फोटो तिला दिसणार नव्हता, पण तिनं तो आधीच पाहिलेला होता.

“अक्का,” तो म्हणाला, “समोरच्याकडे जाऊ नकोस. किती घेशील?” हे असं उघडंवाघडं विचारायचं त्यानं ठरवलं नव्हतं. अक्का हसली नाही, रागावली नाही. तिनं हात मांडीवर घेतले आणि चौकशीला सुरुवात केली. वर्षाला मोठे ग्रुप किती होतात? त्यानं सांगितलं. त्यांतले पुन्हा बोलावणारे किती? त्यानं सांगितलं, आणि सांगताना त्यालाच तो आकडा मोठा वाटला. त्यांतलं कोणी कधी कॅमेऱ्याबद्दल विचारलं का, कोणता आहे म्हणून? “नाही,” तो म्हणाला. “वीस वर्षांत तू माझी काय म्हणून ओळख करून दिलीस?” “फोनवर बसते म्हणून,” तो म्हणाला, आणि तेही तिनं मनातल्या मनात मांडून घेतलं. “निम्मे,” अक्का म्हणाली. आणि गप्प बसली. काउंटरच्या आतून त्यानं ते गप्प बसणं हजार वेळा पाहिलं होतं. बाहेरून पहिल्यांदाच पाहत होता. त्यात हट्ट नव्हता, भीड नव्हती, आकडा खाली येईल अशी काही शक्यता नव्हती. सगळं नीट मोजून झालेलं होतं, आणि पलीकडच्या माणसानं आता स्वतःला तपासून बघायचं होतं. त्यानं तपासलं. आकडा बरोबर होता.

“निम्मे,” तो म्हणाला. “कधीपासून?” “आजपासून,” अक्का म्हणाली. “आजच्या अकरा जणांसकट.” त्यानं खिशातले पैसे काढले, अर्धे मोजले आणि तिच्या तळहातावर ठेवले. अक्कानं अंगठ्यानं एकेका नोटेची कड चाचपली, घडी घातली आणि मूठ मिटली. “समोरच्याला उद्या मी सांगते,” ती म्हणाली. “तू जाऊ नकोस बोलायला. तुला नाही जमायचं.”